खिडकीवर मी आहे

"अहो, पानावर काहीच नाही. नुसती पांढरी चौकट!" असे म्हणत एका बाईने आपला फोन खिडकीच्या काचेला टेकवला.

"मला दाखवू नका, वाचून दाखवा," आतून बाबा म्हणाले.

"वाचू काय? कोरं आहे सगळं!"

"मग कोरं आहे असं मोठ्यानं वाचा. मागच्यांनाही कळेल, म्हणजे प्रत्येकजण काचेला फोन चिकटवणार नाही."

रांगेत हशा पिकला, पण तो फार टिकला नाही. एरवी या वेळेला धक्क्यावर मोजकी माणसे असत. आज रांग खिडकीपासून निघून पार कठड्याला वळसा घालून गेली होती, आणि रांगेच्या शेपटाशी खांद्याला पिशवी लावून धाकटी उभी होती. धाकटी म्हणजे बाबांची एकुलती एक मुलगी. मग मोठी कोण, असे कुणी विचारले की बाबा आईकडे बोट दाखवत.

धाकटीच्या फोनवरही तीच चौकट होती. फेरीबोटीचे चित्र जागच्या जागी, प्रवाशांसाठी सूचना जागच्या जागी. फक्त 'आजच्या वेळा' या शब्दांखाली नुसते पांढरे. बोट कंपनीचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या फर्ममध्ये ती नोकरीला लागून वर्ष व्हायचे होते, आणि काल संध्याकाळी नवे मशीन जोडले होते ते तिनेच.

या पाण्यावर बोटींच्या वेळा रोज सरकत. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध होता. भरतीचे पाणी चढले की बोट बांधावरून सुखरूप जाई, ओहोटीत तिथे बगळे उभे राहत. त्यामुळे लोक घरून निघण्याआधी फोनवर वेळ बघत आणि बेताने येत. आज बघायला काही नव्हते. सगळे एकदमच आले होते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता.

बाबा उत्तरे देत होते. तेच त्यांचे काम होते. या खिडकीची एक जुनी रीत होती. सकाळी खिडकीवर बसणाऱ्याने पलीकडच्या काठावरच्या नियंत्रण कक्षाला फोन लावायचा, 'खिडकीवर मी आहे' म्हणायचे, आणि आपल्याला काय काय येते ते सांगायचे. धक्के चार, खिडक्या चार, आणि माणसे बदलती. कुणाला घोषणा करता येई, कुणाचा घसा बसलेला असे. कुणाला भरतीचा छापील तक्ता वाचता येई, बऱ्याच जणांना येत नसे. ज्याला तक्ता येई त्याला पलीकडून एवढेच सांगत, की आज बांधावर अर्धा हात पाणी कमी आहे. बाकीच्या जागा तो आपल्या आपण भरी: कुठली बोट किती वाजता, कुठली रद्द. मग तो वेळा फळ्यावर लिही आणि फोनवर परत वाचून दाखवी, आणि पलीकडे त्या संगणकात जात. ज्याला तक्ता येत नसे त्याच्यासाठी पलीकडच्यांना एकेक वेळ स्वतः काढून सांगावी लागे. चार धक्के, सकाळची घाई. म्हणून तक्ता येणाऱ्या माणसाला मान होता.

बाबांना तक्ता येत असे. त्यांच्या आधी या खिडकीवर जे टोपीवाले होते, त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा त्यांना धक्क्यामागच्या सामानघरात हलवले. सामानघराला खिडकी नव्हती. "तिथं बोचक्यांशी बोलायचं आणि बोचक्यांनी आपल्याशी," असे बाबा म्हणत. टोपीवाले तिथे वर्षभरात म्हातारे झाले.

आणि या वर्षी बाबांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. कडेचे दिसे, मधले पुसट. डॉक्टर म्हणाले होते, चष्म्याने भागणार नाही. "कामाला काही अडत नाही ना?" आईने विचारले तेव्हा बाबांनी हात झटकला होता. "माझं काम तोंडाचं. डोळ्यांचं काय त्यात?"

हल्ली फळ्यावरच्या आणि फोनवरच्या वेळांत थोडा फरक पडू लागला होता. लोक फोनचे खरे धरत आणि फळ्याकडे बघून हसत.

रांग पुढे सरकली. एक बाई एका वृद्ध माणसाच्या काखेत हात घालून खिडकीशी पोचली. "टाके काढायला न्यायचंय वडिलांना. दवाखान्याकडची पुढची कधी?"

बाबांच्या हाताशी तक्ता उघडा पडला होता. त्यांनी तिकडे बघितले नाही. मान किंचित वाकडी करून ते धक्क्याला लागलेल्या बोटीकडे वळले आणि ओरडले, "काय सारंग, बांधावर पाणी कसं आहे?"

बोट हाकणारा सारंग दोर गुंडाळत होता. "चांगलंय की!"

"अकराला आहे बघा," बाबा त्या बाईला म्हणाले. "आजोबांना सावलीत बसवा. त्या बाकाला पाठ आहे, तिथं."

धाकटीने हे पाहिले, पण तिचे अर्धे लक्ष फोनवर होते. ऑफिसातून एकामागून एक संदेश येत होते. सारंगाची बोट ऑफिसकडच्या धक्क्याला जाणारी होती; रांग सोडून ती आत शिरली.

*

ऑफिसात तिच्या वरिष्ठाला सगळे काका म्हणत. तो तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा असेल, पण सर्दी झालेल्याला वाफ घ्यायला सांगणारा आणि जेवणाच्या सुट्टीत सर्वांना मुकाट्याने पाणी आणून देणारा. तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"काल काय केलंस ते पहिल्यापासून सांग. रडायचं नंतर."

"जुन्या प्रॉक्सीची सेटिंगची फाइल उचलली आणि नव्यावर टाकली."

"सगळी?"

"सगळी."

"मग ते खोटं बोलतंय," काका म्हणाला. "बिचाऱ्याला पत्ताही नाही."

धाकटीला कळायला क्षणभर लागला, आणि मग सगळेच कळले.

पान तयार करणारा सर्व्हर मागे असतो. त्याच्यापुढे प्रॉक्सी उभा असतो, म्हणजे दारातला माणूस. हजार जणांनी एकच पान मागितले तर प्रत्येक वेळी मागच्याला उठवायचे नाही. एकदा आणून ठेवलेली प्रत आपणच द्यायची. पण बोटीच्या वेळांसारखे काही सारखे बदलत असेल तर नुसत्या प्रतीने भागत नाही. त्यासाठी एक तोड असते. मागच्याने पान बनवताना तेवढी जागा रिकामी सोडायची, तिथे 'इथे आजच्या वेळा घाल' अशी खूण ठेवायची, आणि पुढच्याने देताना ताज्या वेळा आणून तिथे भरायच्या. मात्र हे सगळ्या प्रॉक्सींना जमत नाही. म्हणून मागच्याकडे पान मागताना प्रॉक्सी आपल्या मागणीवर एक ओळ लिहितो: मी अमुक, आणि मला रिकाम्या जागा भरता येतात. ती ओळ दिसली तरच मागचा सर्व्हर जागा रिकामी सोडतो. न दिसली तर सगळे स्वतः भरून पाठवतो.

जुन्या प्रॉक्सीला जागा भरता येत होत्या. नव्यात ती सोय अजून बसवलीच नव्हती. पण फाइल जुनी होती आणि फाइलबरोबर ओळ आली होती. नवे मशीन रात्रभर इमानेइतबारे सांगत होते की मला येते, मला येते. मागचा विश्वासाने कोरी चौकट पाठवत होता, आणि पुढचा ती तशीच्या तशी लोकांच्या हातात देत होता.

"जुनं मशीन परत लावू का?" तिने विचारले.

"कशाला? ह्याच्यात काय वाईट आहे? प्रती ठेवतं, पटापट देतं. न येणारं येतं म्हणतंय तेवढी ओळ काढ. साठवलेल्या कोऱ्या प्रती पुसून टाक. मागचा भरून पाठवेल."

"त्याच्यावर भार येईल."

"येऊ दे. त्याला झेपतंय."

तिने ओळ काढली. प्रती पुसल्या. पान पुन्हा उघडले, तर चौकटीत वेळा उभ्या होत्या. पडद्यावर मागच्या सर्व्हरच्या कामाची रेघ थोडी वर चढली आणि तिथे स्थिर झाली.

काकाने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "आता रडायचं असेल तर रड."

"आता नाही येत."

"हेच ते. खरं सांगितलं की बरं असतं," काका म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला.

*

"तुझंच का ते कोरं पान?" संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारले.

"माझंच."

"एवढी शिकली आणि शेवटी कोरं ते कोरंच," आई म्हणाली आणि तिच्या ताटात वाढले. मुलगी हिरमुसली असली की आई टोमणाही मारी आणि वाढतही जाई.

"झालं काय नेमकं?" बाबा म्हणाले.

धाकटीने सांगितले. तिला वाटले होते ते अर्ध्यावर कंटाळतील, पण त्यांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे पुढचा मागच्याला सांगतो, मला काय येतं."

"हो. आधी स्वतःचं नाव, मग काय येतं ते."

"आमच्यासारखंच की."

"तुमच्यासारखंच, बाबा."

"आणि मागचा तपासत नाही? येतं म्हणतोय ते खरं येतं की नाही?"

"नाही तपासत. पुढचा म्हणाला येतं, की येतं. प्रत्येक वेळी परीक्षा घेत बसला तर काम कधी करणार?"

"हं." बाबांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवले. पाण्याचे भांडे कुठे आहे ते चाचपून त्यांनी ते जवळ घेतले. "मग आता काय केलंत त्या मशीनचं? काढून टाकलं?"

"छे. कशाला काढायचं? बाकी सगळं येतं की त्याला. तेवढी एक ओळ काढली."

"आणि जागा कोण भरतं?"

"मागचा भरून पाठवतो."

"चिडला नाही?"

"मशीन कशाला चिडेल?"

"माणसं चिडतात," आई म्हणाली. "गार होतंय, जेवा."

बाबा जेवले. भांडी आवरताना धाकटीने पाहिले तर ते दिव्याखाली बसले होते, मांडीवर भरतीचा तक्ता. त्यांनी तो आधी समोर धरला, मग डावीकडे नेला, मग मान फिरवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितला, एखादी चिमणी दाण्याकडे बघते तसा. ओठ हलत होते, पण आकडा काही उमटत नव्हता.

"वाचून दाखवू?" ती म्हणाली.

"नको. उद्याचं उद्या." त्यांनी तक्ता मिटला. मग जरा वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावे तसे म्हणाले, "ती अकराची बोट दुपारी आली."

"कुठली अकराची?"

"आहे एक," बाबा म्हणाले आणि उठले.

*

दुसऱ्या दिवशी पान नीट दिसते आहे ना, याची धास्ती धाकटीला होतीच, म्हणून ती पहिल्या बोटीसाठी बाबांबरोबरच निघाली. वाटेत बाबा बोलले नाहीत. एरवी ते कठड्यावरच्या प्रत्येक कावळ्याला नमस्कार करायचेच काय ते बाकी ठेवत.

धक्क्यावर बोचरा वारा होता. "आत बस," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी स्टूल ओढले. खिडकीची खोली म्हणजे एक खुर्ची, एक फळा, एक फोन. त्या फोनच्या रिसीव्हरचा आवाज इतका मोठा होता की पलीकडचे बोलणे खोलीभर ऐकू येई. बाबांनी क्रमांक बोटांनीच ओळखून फिरवला.

"खिडकीवर मी आहे."

"बोला खिडकी." बाईचा आवाज. भरदार, ठाम, पहाटेच उठून चार कामे उरकलेल्या माणसाचा.

वर्षानुवर्षे हा आवाज बाबांच्या बोलण्यात येत असे: पलीकडच्या बाई असे म्हणाल्या, बाईंनी तसे विचारले. धाकटीने तो प्रथमच ऐकला.

"घोषणा करीन," बाबा म्हणाले. "तिकिटं बदलून देईन. परतीच्या जागा सांभाळीन. हरवलेलं सामान बघीन."

ते थांबले. बाहेर सारंगाने इंजिन चालू केले, ते खोकले आणि बंद पडले.

"आणि तक्ता," बाईंनीच पुढचा शब्द पुरवला. रोजचाच क्रम होता.

"तक्ता येत नाही."

फोनमध्ये खरखर ऐकू येत राहिली.

"आज येत नाही? छापलेला नीट नाही का?"

"छापलेला नीट आहे. मला येत नाही, बाई. डोळ्यांच्या मधोमध डाग आहे, आकडे दिसत नाहीत. बरेच दिवस झाले. येतं म्हणत होतो आणि अंदाजानं ढकलत होतो, सारंगाला विचारून. काल एका बाईला अकराची सांगितली. वडिलांना टाके काढायला नेत होती. दुपारपर्यंत बसली म्हाताऱ्याला घेऊन." त्यांनी एक श्वास घेतला. "वरती कळवायचं असेल तर कळवा. सामानघरात जागा आहे. टोपीवाल्यांची."

धाकटी स्टुलावरून उठली होती. तिला त्यांची पाठ दिसत होती, आणि शर्टाच्या कॉलरवर पुसून राहिलेला पांढरा खडू.

पलीकडे कुणीतरी दुसरे काहीतरी विचारत होते. "थांब जरा," बाई त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग फोनमध्ये: "खिडकी, माझ्यापुढे चार धक्के आहेत आणि पहिली बोट सुटायची आहे. खडू आहे का हातात?"

"बाई, मी काय म्हणालो ते..."

"ऐकलं. खडू घेतला?"

बाबांनी खडू घेतला.

"लिहा. पहिली, सात वीस. मोठं लिहा, लांबून दिसू दे. दुसरी, आठ पाच. तिसरी रद्द, बांधावर पाणी नाही. लिहिलं?"

"तिसरी रद्द," बाबा म्हणाले.

"चौथी..."

त्या सांगत गेल्या, ते लिहीत गेले. आकडे फळ्यावर हातभर मोठे उमटले, थोडे तिरके, पण कुठूनही दिसतील असे. शेवटची वेळ झाल्यावर बाईंनी निरोपही घेतला नाही. पुढच्या धक्क्याचा फोन वाजत होता. बाबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि हात झटकले.

"धाकटे," मागे न वळता ते म्हणाले, "फळा वाचून दाखव."

तिने वाचला. प्रत्येक वेळेला त्यांनी मान हलवली. मग त्यांनी खिडकीची काच सरकवली, आणि पहिल्या माणसाने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "सात वीस. आणि घाई करू नका, सारंगाचं इंजिन अजून झोपेत आहे."

*

वरती कुणी काही कळवले नाही. कुणाला कधी कळलेही नाही. त्यानंतर रोज सकाळी बाबा आपल्याला काय येते ते सांगत, तक्त्याचे नाव घेत नसत, आणि बाई चारातल्या या एका धक्क्याच्या वेळा स्वतः काढून सांगत. निवृत्तीचे वय होईपर्यंत बाबा खिडकीवर राहिले. डोळे आणखी गेले, पण आवाजावरून ते माणसे ओळखू लागले आणि खिडकीपुढे आलेल्याला नावानिशी विचारू लागले, सुनेचे बाळंतपण नीट झाले ना, बदलीचे काय झाले. लोक म्हणत, हल्ली यांचा फळा कसा अचूक असतो.

धाकटीच्या त्या मशीनवर जागा भरायची सोय बसली, तोवर बाबा निवृत्त झाले होते. ती ओळ तिने परत लिहिली त्या दिवशी घरी येऊन बाबांना सांगितले, कारण ते अधूनमधून विचारतच असत, तुझं मशीन काय म्हणतंय.

"आता खरंच येतं ना त्याला?"

"येतं. चार वेळा तपासलं."

"मग सांगू दे. मागच्याला तेवढंच हलकं." आणि थोड्या वेळाने, "बाईंना मात्र शेवटपर्यंत जडच गेलं."

"तुम्ही कधी आभार मानलेत?"

"रोज. सगळं लिहून झालं की मनातल्या मनात. फोनवर कुठं, त्यांना घाई असायची."

बाबा गेले ते फार त्रास न होता, थोड्या दिवसांच्या आजारपणात. भेटायला माणसे येत राहिली. सारंग आला. टाके काढलेल्या त्या आजोबांची मुलगीही आली. त्या दिवसानंतर ती खिडकीशी रोज दोन शब्द बोलून जाऊ लागली होती. गर्दी ओसरल्यावर एका दुपारी दारात एक बुटकी, सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. हातात पिशवी, चपलांवर बोटीचे पाणी. आईने ओळखले नाही.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"मी पलीकडची," ती म्हणाली.

तो आवाज त्या देहातून आला यावर धाकटीचा विश्वास बसेना. एवढ्या मोठ्या आवाजाला एवढी लहान बाई.

"या ना, या," आई गडबडून म्हणाली. "म्हणजे तुम्हीच त्या? अहो, या घरात रोज तुमचं नाव निघायचं. मला तर मेली सवत असल्यासारखं वाटायचं."

"मलाही तुमचं सगळं ठाऊक आहे," बाई बसत म्हणाल्या. "तुमचा गुडघा कसा आहे?"

आईने गुडघ्याबद्दल सांगितले. पाणी झाले. धाकटी त्यांच्यासमोर बसली. किती दिवस मनात धरून ठेवलेले तिने शेवटी बोलायला घेतले.

"तुम्ही तेव्हा वरती कळवलं असतं..." ती म्हणाली.

"काय कळवायचं? मला माहीतच होतं."

"कधीपासून?"

"त्यांनी सांगितलं त्याच्या बरंच आधीपासून. वेळा वाचून दाखवायचे ना ते मला, तेव्हा कळायचं. दहा मिनिटं इकडे, पंधरा तिकडे, कधी तासभरही. मी संगणकात घालताना नीट करून घालायची. लोक फोन बघून यायचे, कुणाला काही कळत नव्हतं. फक्त त्या दिवशी फोनवर चौकट कोरी होती."

धाकटीने खाली बघितले. बाईंना ते दिसले असावे. त्या पुढे बोलत राहिल्या. "मी विचारायला घाबरत होते. मी विचारलं असतं, तक्ता दिसतो का, आणि त्यांनी दिसतो म्हटलं असतं, तर मला कळवावंच लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. रोज वाट बघायची, आज सांगतील, उद्या सांगतील. त्या सकाळी सांगितलं आणि मी सुटले बाई. एक शब्द जास्त बोलले असते तर रडलेच असते. म्हणून म्हटलं, खडू घ्या."

"ते म्हणायचे, तुम्हाला जड गेलं."

"एका धक्क्याच्या वेळा काढायला काय लागतं? फोन सुरू झाला की ते माझा खोकला विचारायचे. मी नवी होते तेव्हा बाकीच्या तीन खिडक्यांनी मला किती छळलं, आणि ह्यांनी एकट्यानं कसं सांभाळून घेतलं, ते तुम्हाला सांगितलं नसेल त्यांनी."

"नाही."

"नाहीच सांगणार." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "आभार मानायला मी आलेय. तुम्ही नका सुरू करू."

आईने विचारले, "आणि एवढ्या वर्षांत भेटला नाहीत कधी?"

"सकाळी ते खिडकीवर तेव्हा मी फोनवर. सुट्टी दोघांना एका दिवशी मिळायची नाही. एकदा कामानं इकडे आले होते, खिडकीसमोरून गेले. लांबलचक रांग. आणि काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसेना. रांग मोडून काय सांगणार, मी पलीकडची म्हणून? म्हटलं, पुढच्या वेळी."

टेबलावर बाबांचा फोटो होता. आईने तो उचलून त्यांच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो हातभर लांब धरला, मग जवळ घेतला. बराच वेळ बघत राहिल्या.

"मिशा होत्या?" त्या म्हणाल्या.

"होत्या की. लग्नाच्या आधीपासून."

"आवाजाला नव्हत्या हो मिशा."

आईने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांमधून बाहेर आलेच. बाबा गेल्यापासून घरात हा आवाज पहिल्यांदाच झाला होता. मग बाईही हसल्या, त्या भरदार आवाजात, खोलीभर. धाकटी चहा टाकायला उठली.

दारातून तिने मागे वळून पाहिले. बाईंनी फोटो टेबलावर परत ठेवला होता. खिडकीतून येणारे ऊन त्याच्या काचेवर पडत होते. त्यांनी तो जरासा फिरवला, पुन्हा जरासा, ऊन काचेवरून निघेपर्यंत. मग खुर्ची पुढे ओढून त्या समोर बसल्या.